लाकडाची पिन

माझा मामा भित्रा आहे हे आधीच सांगून टाकते. काही माणसं उंच जन्माला येतात, काही गोरी. मामा घाबरलेला जन्माला आला. तो कुत्र्याला घाबरतो, लिफ्टला घाबरतो. गॅसचा वास आला की घाबरतो आणि नाही आला तर आपलं नाकच बिघडलं की काय म्हणून घाबरतो. घरात त्याची चेष्टा करण्यात मी सगळ्यात पुढे. पण गेली एकोणीस वर्षं त्याचं वर्कशॉप या भीतीच्या जोरावरच चाललंय. त्यातली सात वर्षं मी तिथे ड्रॉइंग काढते, फोन घेते आणि उरलेल्या वेळात त्याच्याशी भांडते.

आमचं काम चारचौघांना समजावून सांगणं कठीण. एखाद्याच्या डोक्यात एक वस्तू असते, जगात ती कुठेच नसते. तो माणूस आमच्याकडे येतो, दार लागलंय का ते दोनदा बघतो, खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि कल्पना चोरायला आम्हीच टपून बसलोय अशा नजरेने आमच्याकडे बघत तो उलगडतो. कागदावर बहुतेक वेळा बटाट्यासारखं काहीतरी काढलेलं असतं. त्या बटाट्यातून खरी, हातात धरता येणारी, चालणारी वस्तू बनवून द्यायची हा आमचा धंदा. केस अंगावर न पाडणारी न्हाव्याची कात्री आम्ही केली. दूध उतू न जाऊ देणारं पातेल्याचं झाकण केलं. उंदराला न मारता धरणारा पिंजराही केला. तो घेऊन गेलेल्या गृहस्थांचा उंदीर दुसऱ्या दिवशी त्याच पिंजऱ्यावर बसून खात होता म्हणे.

कागद बघून झाला की मामाचा पहिला प्रश्न ठरलेला. "याने कुणाला काय इजा होईल?"

समोरचा माणूस हमखास दुखावतो. आपल्या लेकराचं बारसं करायला आलेल्या माणसाला तुम्ही ते लेकरू मोठेपणी चोर होईल का असं विचाराल तर कसं वाटेल? मी मामाला शंभर वेळा सांगितलंय, आधी चहा तरी दे आणि मग घाबरव. पण त्याला राहवत नाही. "मूर्ख माणसाच्या हातात दिलं तर? झोपेत असलेल्याच्या हातात दिलं तर?" असं विचारत विचारत तो त्या वस्तूभोवती दहा भिंती उभ्या करतो. आमच्या शेल्फातून बाहेर गेलेल्या वस्तूने आजवर कुणाचं नखही मोडलं नव्हतं. त्या मंगळवारपर्यंत.

बॅगवाल्या काकू आमच्याकडे आल्या त्या कागद न घेता आल्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्या शिलाई मशीनवर शाळेच्या आणि प्रवासाच्या बॅगा शिवायच्या. हाताखाली दोघीजणी. अंगाने काडी, आवाजाने ढोल. त्यांचे यजमान शाळेत खेळाचे मास्तर होते, आडवे-उभे दोन्ही बाजूंनी दणकट. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं गेलं आणि तोंड एका बाजूला ओढल्यासारखं राहिलं. उजव्या हातात थोडी ताकद उरली होती. काकू प्रश्न विचारायच्या आणि उत्तर 'हो' असेल तर मास्तर त्यांचा हात दाबायचे. एवढंच त्यांचं बोलणं.

"ह्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायला मला तीन माणसं लागतात," काकू म्हणाल्या. "शेजारचे येतात, पण रोज रोज किती बोलावू? आणि हे लाजतात हो. मी एकटी मागून काखेत हात घालून उचलायला बघते, पण माझीच कंबर गेली. माझ्याकडे पट्टे आहेत, बॅगेचे, ट्रक ओढला तरी तुटायचे नाहीत. त्या पट्ट्यांत ह्यांना बसवून एकटीने वर घेता येईल असं काहीतरी करून द्या. आणि ते जमलं तर मी असले पन्नास शिवून विकीन. माझ्यासारख्या बायका गल्लीगल्लीत आहेत."

मामाने नेहमीचा प्रश्न विचारला. काकूंना राग आला नाही. "पडतील," त्या म्हणाल्या. "पडले तर संपलंच. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मामा त्या दिवशी जेवला नाही.

चार महिने आम्ही त्या उचलखुर्चीवर घालवले. चार चाकांवर एक खांब, खांबाच्या टोकाला आडवा दांडा, दांड्याला काकूंच्या पट्ट्यांचं आसन. दांडा आणि खांब जोडणारी एकच पिन, अंगठ्याएवढी जाड. खांबाला मागच्या बाजूने एक हँडल. ते खालीवर केलं की टक, टक असा आवाज करत दातेरी चाक एकेक दात पुढे सरकतं आणि आसन वर जातं. हँडल मागे का, तर काकूंना मागून उचलायची सवय होती आणि आम्ही त्यांच्या सवयीप्रमाणे सगळं मांडलं. मामाने आसनात वाळूची पोती ठेवून ठेवून पाहिलं. मास्तरांच्या दुप्पट वजन दोन दिवस टांगून ठेवलं आणि स्वतः खाली स्टूल टाकून त्या पिनेकडे बघत बसला.

आता त्या चुकीबद्दल सांगते. ती समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचे दोन नमुने होतात. एक कामाचा, एक शोचा. कामाचा पीस लोखंडाचा, खरा. तो वापरून बघायचा. शोचा पीस दुकानदाराला दाखवायला, फोटो काढायला. तो लाकूड, पुट्टी आणि रंगाचा, पण दिसायला हुबेहूब. दुकानदार हँडल फिरवून बघतो म्हणून हँडल आणि दातेरी चाक तेवढं खरं. बाकी खांब लाकडाचा, दांडा लाकडाचा, पिनसुद्धा लाकडाचीच, वर चांदीसारखा रंग. आणि दुकानदार वस्तू आधी उचलून बघतो म्हणून मामा आत शिशाचे तुकडे भरतो आणि वजनही बरोबर करतो. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही, आणि त्याचा त्याला गर्व आहे. भित्र्या माणसाला एवढा एकच गर्व.

शोच्या पीसच्या बुडाला लाल रंगाचा मोठा पट्टा मारायचा हा आमचा नियम. लाल दिसलं की त्यावर बसायचं नाही. पण या वेळी रुग्णांच्या सामानाचा जो दुकानदार खुर्ची विकायला ठेवणार होता, त्याने फोटो खालून-वरून सगळीकडून काढायचे म्हणून पट्टा मारू दिला नाही. मंगळवारी सकाळी दोन्ही पीस सारख्याच करड्या कापडात गुंडाळून दारात उभे. टेम्पोवाला घाई करत होता.

"चिठ्ठ्या लावू का?" मी विचारलं.

"मला चिठ्ठ्या कशाला?" मामा म्हणाला. त्याने एक बोचकं हाताने तोललं, मग दुसरं तोललं, बोटाने टकटक केलं. "हा कामाचा. हा काकूंकडे. तो दुकानात."

एकोणीस वर्षं जगाला फसवण्यासाठी जो हात त्याने तयार केला होता, त्या हाताने त्या दिवशी त्यालाच फसवलं. आणि मी, जी त्याच्याशी प्रत्येक गोष्टीवर भांडते, मी नेमकी तेव्हा गप्प बसले.

काकूंना ताकीद होती. मामा चार वाजता येईल, तोवर खुर्चीला हात लावायचा नाही. कुठलीही वस्तू माणसाने पहिल्यांदा वापरायची ती मामासमोरच.

साडेअकराला दुकानदाराचा फोन आला. आवाज चढलेला. "शोचा पीस म्हणून पाठवता आणि पिनेला ग्रीस लावून ठेवता? माझ्या शर्टाची बाही खराब झाली!"

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि मामाकडे बघितलं. फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता. हातातली कानस त्याने टेबलावर ठेवली, अगदी हळू.

"लाकडाला ग्रीस कोण लावतं?" तो म्हणाला.

मी काकूंना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. शिलाई मशीन चालू असलं की काकूंना फोन ऐकू येत नाही हे आम्हाला माहीत होतं. पण आज त्या दुकानात नव्हत्याच. मशीनवर बसणारीने तिसऱ्यांदा उचलला. "काकू फोन इथेच ठेवून घरी गेल्यात. ती नवीन वस्तू आली ना, ती बघायला."

"चार वाजेपर्यंत थांबतील," मी म्हटलं.

"ती बाई?" मामा म्हणाला. "ती आयुष्यात कधी कुणासाठी थांबलीय?"

मामा माझ्या स्कूटरवर बसत नाही. सात वर्षांत एकदाही बसला नव्हता. वर्कशॉपला तो चालत येतो आणि मी शेजारून गेले की भिंतीला चिकटतो. त्या दिवशी मी किल्ली लावायच्या आत तो मागे बसलेला होता. दोन्ही हातांनी माझे खांदे असे धरले होते की नंतर चार दिवस बोटांच्या खुणा राहिल्या. "पळव," तो म्हणाला. मी पळवली. सिग्नल तोडला. एका म्हाताऱ्याने शिवी दिली, ती आमच्या हक्काचीच होती. डोक्यात एकच हिशोब चालू होता: एवढ्या वजनाला ते लाकूड किती वेळ टिकेल? उत्तर मला माहीत होतं. ड्रॉइंग मीच काढलं होतं.

काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पहिल्या वळणावर मला आवाज ऐकू आला.

टक. टक. टक.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो तर मास्तर हवेत. पलंगापासून हातभर लांब, पट्ट्यांच्या आसनात, पाय लोंबकळत, तोंड भिंतीकडे. काकू मागे हँडल धरून उभ्या, घामाघूम, चेहऱ्यावर असा आनंद की तो बघून मला रडू यायचं बाकी राहिलं.

"या या, भाऊ! चार वाजेपर्यंत मला कुठला धीर! बघा, वर गेले! एकटीने घेतले! आणि हसतायत बघा!"

मास्तरांचं तोंड खरंच एका बाजूने फाकलं होतं, दात दिसत होते. पण माझं लक्ष पिनेकडे होतं. चांदीच्या रंगावर केसासारखी एक रेघ उमटली होती.

मी ओरडणार होते. मामाने माझं मनगट दाबलं. काकू दचकल्या असत्या, हँडल सुटलं असतं, एक हिसका बसला असता आणि सगळं खाली आलं असतं. खाली घ्या म्हणून सांगायचीही सोय नव्हती, कारण उतरताना प्रत्येक दाताला एक धक्का बसतो. मामाची एरवी झुरळ बघून बोबडी वळते. तो त्या दिवशी इतक्या साध्या आवाजात बोलला, जणू पंख्याचं बटण कुठे आहे विचारत होता.

"छान जमलं, वहिनी. आता हँडल आहे तसंच धरा. वर नको, खाली नको. नुसतं धरा." बोलत बोलत तो दांड्याखाली जाऊन उभा राहिला, गुडघे वाकवले आणि दांडा खांद्यावर घेतला. "पोरी, पलंग."

मी पलंग ढकलला. पलंग जड होता, एक पाय फरशीत अडकत होता. मी अंगाचा सगळा जोर लावला. पलंग निम्मा मास्तरांच्या खाली आला असेल, तेवढ्यात वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. दांडा मामाच्या खांद्यावर बसला. मास्तर आधी मामाच्या पाठीवर आणि तिथून पलंगाच्या कडेवर आले. मी आणि काकूंनी त्यांचे पाय धरून वर ओढले. मामा खाली बसला होता आणि त्याचा उजवा खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता.

मास्तरांचा गुडघा खरचटला होता. तेवढंच. ते छताकडे बघत धापा टाकत होते.

काकूंनी फरशीवरचा पिनेचा तुकडा उचलला. बाहेरून चांदी, आतून पिवळट लाकूड. "हे काय आहे, भाऊ?"

मामाने सगळं सांगितलं. दुकानदाराला दोष दिला नाही, टेम्पोवाल्याला दिला नाही, मला दिला नाही. "मी हाताने तोललं आणि चुकलो. मास्तर गेले असते. माझ्यामुळे."

काकूंनी तुकडा मुठीत धरला. "निघा तुम्ही," त्या म्हणाल्या.

मामाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधला आणि डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं, पण तो रोज वर्कशॉपमध्ये येऊन बसायचा. कशाला हात लावायचा नाही. कागद घेऊन आलेल्या दोघांना त्याने दारातूनच परत पाठवलं. दुकानदाराने कामाचा पीस चिडून परत धाडला होता, तो कोपऱ्यात उभा होता. "तोडून टाक तो," मामा मला म्हणाला. मी तोडला नाही. मला त्याचा राग येत होता, माझा स्वतःचा त्याहून जास्त येत होता, आणि सगळ्यात जास्त भीती वाटत होती की आता याच्या हातून पुन्हा काही होणार नाही. आपल्यामुळे कुणी मरेल या धास्तीत तो जन्मभर जगला होता, आणि ती गोष्ट हातभर अंतरावर येऊन गेली होती. रात्री तो झोपत नाही असं मामी फोनवर सांगायची.

नवव्या दिवशी काकू आल्या. बसल्या नाहीत.

"मी अजून चिडलेली आहे," त्या म्हणाल्या. "पण माझी कंबर काही बरी झालेली नाही आणि ह्यांचं वजन काही कमी झालेलं नाही. खरी खुर्ची कुठे आहे?"

"वहिनी, मी ती तुम्हाला देणार नाही. कुणालाच देणार नाही."

"देणार. आणि माझ्या घरात त्यात पहिल्यांदा तुम्ही बसणार. ह्यांच्यासमोर."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याने नाही म्हटलं नाही. त्याचं देणं होतं ते, आणि त्याला ते कळत होतं.

संध्याकाळी आम्ही खुर्ची घेऊन गेलो. मी पिन काढून काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती दातांनी चावून बघितली, फरशीवर आपटली, मग मला परत दिली. मास्तर उशीला टेकून बघत होते. मामा गळ्यात बांधलेल्या हातासकट पट्ट्यांत बसला, आणि मागून हँडल चालू झालं.

टक. टक. टक.

मामाचे पाय फरशीवरून सुटले. पिन लोखंडाची आहे हे त्याला माहीत होतं, त्याच्याच हातची होती ती. याच पिनेवर दुप्पट वजन दोन दिवस टांगून त्याने पाहिलं होतं. तरी त्याचा चेहरा खडूसारखा झाला. समोर भिंत, दुसरं काही नाही.

"वहिनी?"

"काय?"

"आहात ना?"

"इथेच आहे की. जाते कुठे?"

टक. टक.

"वहिनी, आहात ना?"

मला हसू आलं. वाईट सवय आहे माझी. काकूही हसल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मग मी मामाच्या समोर गेले आणि माझं हसू गेलं. त्याचे ओठ ताणले गेले होते, दात दिसत होते, मान वळवून मागचं बघायचा प्रयत्न चालला होता आणि मान वळत नव्हती. हा चेहरा मी या खोलीत आधी पाहिला होता.

"खाली घ्या," तो म्हणाला.

तो खाली आला. काकूंनी पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.

"वहिनी, त्या दिवशी मास्तर हसत नव्हते."

"म्हणजे?"

"मागून कोण उचलतंय ते दिसत नाही. आहे की सोडून गेलं, कळत नाही. मला विचारता तरी आलं. त्यांना विचारताही येत नाही."

काकू पलंगापाशी गेल्या आणि मास्तरांच्या अगदी समोर वाकल्या. त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. एवढा मोठा आवाज असलेली ती बाई, मला नीट ऐकूही आलं नाही इतक्या हळू बोलली.

"घाबरला होतात?"

मास्तरांनी हात दाबला.

"आणि मी रोज मागून काखेत हात घालून उचलते, तेव्हा?"

मास्तरांनी पुन्हा हात दाबला. या वेळी सोडला नाही. काकू वाकलेल्याच राहिल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मामाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे डावा हात पुढे केला. मी पिशवीतून पाना काढून दिला. तो खांबामागे गेला आणि एका हाताने हँडलचा बोल्ट सोडवायला लागला. बोल्ट घट्ट होता, पाना सटकत होता. मी दुसऱ्या बाजूने धरलं.

"पुढे घ्यायचं," तो म्हणाला. "समोरून."